भुवईतला कोंडा

पुरुष माणूस कातडीच्या डॉक्टरकडं स्वतःसाठी कधी येत नाही. भालकीत इतकी वर्षं दवाखाना चालवून मला एवढं पक्कं कळलंय. तो आईला घेऊन येतो, तिच्या टाचेच्या भेगा दाखवायला. नाहीतर "मित्राला हाय, तो गावाला गेलाय" म्हणत येतो. नाहीतर पायाच्या बोटातली खाज दाखवतो, मलम लिहून घेतो, उठतो, दारापर्यंत जातो, कडीला हात घालतो आणि मग पाठमोराच म्हणतो, "डॉक्टर, जरा तोंडाचं बी बघता का?"

मी म्हणतो, "ये बाबा, बस. आता खरं काम निघालं."

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती सांगा. गमती आहेत की. सांगतोही. पण शेवटी जे सांगणार आहे त्यात गंमत काही नाही. ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

आधी तोंडाचं काय ते सांगतो, कारण आमच्या भागात याच्याइतका गैरसमज पाऊसपाण्याबद्दलही नसेल. वयात येताना पुरुषाच्या अंगात जे हार्मोन वाढतं, तेच दाढी-मिशी आणतं, तेच आवाज फोडतं आणि तेच कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींना कामाला लावतं. या ग्रंथी डोक्यात, भुवयांत, नाकाच्या बाजूला, छातीवर जास्त. काहींच्या तोंडावर इतकं तेल येतं की सकाळी उशीची खोळ पिवळी दिसते. मग माणूस घाबरून मला विचारतो, माझं हार्मोन वाढलंय का? रक्त तपासावं तर हार्मोन बहुतेक वेळा अगदी बरोबर निघतं. फरक ग्रंथींत असतो. सासूनं हाक मारली की एक सून "आले, आले" म्हणत जागची हलत नाही, दुसरी हातातलं टाकून पळत सुटते. हाक तीच. तेलकट माणसाच्या ग्रंथी त्या दुसऱ्या सुनेसारख्या.

आता तेल आलं की त्यावर जगणारी बुरशीही आली. ती तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच कातडीवर असते, पण काहींची कातडी तिच्यावर चिडते. मग भुवया लाल होतात, नाकाच्या कडेला पिवळसर पापुद्रे सुटतात, डोक्यात चिकट कोंडा होतो. सेबोरिया म्हणतात त्याला. थंडीत वाढतो, काळजीनं वाढतो, जागरणानं वाढतो. हा कोंडा कोरडेपणाचा नसतो हो, तेलाचा असतो. पण हे आमच्याकडच्या आयांना कोण सांगणार? पोराच्या डोक्यात पांढरं दिसलं की "डोस्कं कोरडं पडलंय लेकराचं" म्हणून एरंडेलाची बाटली काढलीच. जितकं तेल चोळावं तितका कोंडा वाढतो, आणि जितका कोंडा वाढतो तितकं तेल चोळलं जातं. मी एका म्हातारीला म्हणालो, "आज्जे, तेल बंद कर." ती म्हणाली, "तेल बंद करायला लेकराला आई न्हाई का काय?"

बुरशीच्या शाम्पूची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली.

तेलाच्या वरताण दुसरा गैरसमज म्हणजे गरमी. तोंडावर फोड आले, तेल आलं, की म्हणायचं अंगात गरमी झाली, लग्न झालं की जाईल. आणि ही गरमी कशानं, तर वाईट सवयीनं. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण पोरांच्या मनात ते पक्कं बसलेलं असतं. बसवकल्याण डेपोचा एक कंडक्टर माझ्याकडं आला होता. तिशीचा, उंचापुरा, बसमध्ये दोन माणसांच्या मधून वाट काढताना आख्खी बस दणाणून सोडणारा गडी. माझ्यासमोर आवाजच फुटेना त्याचा. शेवटी टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाला, "डॉक्टर, हे... माझ्या हाताच्या चुकीनं झालंय व्हय?"

मी म्हणालो, "अरे खुळ्या, तसं असतं तर सगळ्या भालकीचं तोंड फुटलं असतं की!"

तो आधी दचकला, मग हसला आणि मग रडला. इतकी वर्षं तो आरशात तोंड बघायचा तेव्हा त्याला रोग दिसत नव्हता, पाप दिसत होतं. त्या दिवसापासून मी असा कुणी आला की त्यानं विचारायची वाट बघत नाही, आपण होऊनच सांगून टाकतो. लाजायचं काय त्यात, हे माझं ठरलेलं वाक्य. लाजायचं काय त्यात, अर्ध्या गावाला असतंय.

एक गिऱ्हाईक मात्र अजिबात न लाजता आलं होतं. जिम चालवणारा एक दख्खनी बोलणारा पठ्ठ्या. शर्ट काढून पाठ दाखवली तर तिथं बोट ठेवायला जागा नव्हती, नुसते फोड, आणि अंग असं चकाकत होतं की आत्ताच मालिश करून आलाय. "डॉक्टरसाब, मेरे बदन में तेल का घाना खुल गया ना!" म्हणाला. मी विचारलं, ताकदीचं इंजेक्शन घेतोस का? आधी नाही नाही म्हणाला, मग कबूल झाला. दंड फुगवायला बाहेरून पुरुषी हार्मोन टोचून घेत होता. हाक दहापटीनं मोठी, मग सून काय, आख्खं सासर पळणार. मी त्याला समजावलं की बाहेरून माल यायला लागला की घरची गिरणी बंद पडते. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि घरात दोष बायकोला लागत होता. त्याला मी दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवलं. जाताना तो शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत लावत होता.

तर अशी माझी माणसं. सगळी कशाला ना कशाला लाजणारी, आणि मी त्यांची लाज घालवणारा डॉक्टर. बोर्डावर तसं लिहिलेलं नाही, पण माझा तोरा तोच होता.

आता माझं सांगतो. मला स्वतःला सेबोरिया आहे.

कॉलेजपासून आहे. भुवयांत, नाकाच्या बाजूला, डोक्यात, कधी कानामागं. हॉस्टेलवर पोरं मला "तेलाचा घाणा" म्हणायची. पुढं मी कातडीचाच डॉक्टर झालो, त्याच्या मागं हेच कारण असावं असं माझी बायको शोभा म्हणते. मी ते कधी मान्य केलं नाही. औषध मला पाठ आहे. बुरशीचा शाम्पू, डोक्याला आणि भुवयांना लावून थोडा वेळ ठेवायचा, मग धुवायचा. भडकलं तर थोडे दिवस मलम. आटोक्यात राहतं, पण कायमचं जात नाही. पेशंटला हे मी रोज सांगतो आणि स्वतः मात्र कामाच्या धबडग्यात शाम्पू विसरतो. थंडी पडली की माझ्या भुवया सोलायला लागतात.

मग मी काय करतो? तोंडाच्या रंगाचं क्रीम लावतो. शोभाच्या कपाटातून उचललेलं. पांढरा अॅप्रन मला फार प्रिय आहे, कारण त्यावर कोंडा दिसत नाही. लग्नाकार्याला मी कायम फिक्या रंगाचा सदरा घालतो. लोकांना वाटतं डॉक्टर साधे आहेत. शोभा म्हणते, "लोकाला सांगायलाव लाजू नका, आन् स्वतः माझं क्रीम संपवायलाव." मी म्हणतो, अगं, कातडीच्या डॉक्टरचीच कातडी सुटलेली दिसली तर गिऱ्हाईक येईल का? न्हाव्याचे केस वाढलेले चालतात, डॉक्टरचं तोंड चालत नाही. धंद्याची गरज आहे ती.

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि मग वैजनाथ आला.

वैजनाथ राजेश्वरचा. घरची शेती, शिवाय ठिबकच्या पाइपांचं दुकान. कार्तिक सरत आला होता आणि फाल्गुनात त्याचं लग्न ठरलं होतं, ठाणाकुशनूरच्या सुनीताशी. तो आईबरोबर आला, पण आईच्या टाचा दाखवायला नाही. सरळ खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तोंडाचं दाखवायचंय." माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असेल.

तोंड मात्र बघवत नव्हतं. भुवया, नाक, दाढी, सगळीकडं लाल चट्टे आणि त्यावर पिवळे पापुद्रे. साखरपुडा झाल्यापासून वाढलं म्हणाला. आईनं रोज एरंडेल चोळलेलं. शिवाय गाणगापूरला नेऊन संगमावर अंघोळ घातलेली आणि तिथलं भस्म आणून कपाळभर लावलेलं. तेलात ते भस्म मिसळून भुवयांत घट्ट बसलं होतं. मी कापूस घेतला आणि हळूहळू पुसायला लागलो. मी कधी हातमोजे घालत नाही. तेलकट माणसाला कुणीतरी न किळसता हात लावला की त्याचं निम्मं दुखणं तिथंच हलकं होतं.

आई म्हणाली, "सायेब, लग्नात तेल चढवायचं का न्हाई? पाच सवाष्णी डोक्याला तेल लावत्यात, ते चुकवलं तर अपशकुन हुईल म्हणायलेत."

मी म्हणालो, "पायाला चढवा, गुडघ्याला चढवा. डोक्याला नुसती हळद टेकवा. देवाला चालतंय, बुरशीला चालत न्हाई."

ती हसली. वैजनाथ हसला नाही. तो म्हणाला, "पोरीच्या मामानं बघितलंय मला परवा बाजारात. महारोग हाय म्हणून गावात बोलायलेत. सोयरीक मोडायचं चाललंय त्यांचं."

मी माझं ठरलेलं वाक्य काढलं. "अरे, हे चिकटत न्हाई, महारोगाशी याचा संबंध न्हाई. लाजायचं काय त्यात? अर्ध्या गावाला असतंय."

त्यानं वर बघितलं. माझं तोंड त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं. "तुमाला हाय का, डॉक्टर?"

आणि मी म्हणालो, "न्हाई."

विचारही केला नाही हो. माशी बसावी आणि हात उठावा तसं तोंडातून निघालं. त्यानं मान डोलावली. मी औषधं लिहून दिली.

दिलेलं औषध त्यानं नीट लावलं. पौषात तोंड बरंच निवळलं होतं. पण पोरीकडच्यांचा संशय गेला नव्हता. डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय म्हणून ते सगळे एका सकाळी दवाखान्यात आले. मामा पुढं, पांढरी टोपी, वागण्यात कारभारीपणा. मागं सुनीता, हिरव्या ओढणीत, एम.ए. झालेली. बाजूला वैजनाथ आणि त्याची आई. थंडी कडाक्याची होती. आदल्या आठवड्यात वडील आजारी म्हणून माझी जागरणं झाली होती, आणि माझ्या भुवयांची क्रीमखाली नुसती आग होत होती.

मामानं सरळ विचारलं, "हे कायमचं बरं व्हतंय का, तेवढं सांगा."

खोटं कसं बोलणार? म्हणालो, "कायमचं जात न्हाई. पण औषधानं आटोक्यात राहतंय. बीपीची गोळी घेणारा माणूस संसार करतोयच की."

"चिकटतंय का?"

"न्हाई."

"लेकरास्नी?"

"तेलकट कातडी घराण्यातून येऊ शकते. पण हा जिवाला घोर लावणारा आजार न्हाई. हार्मोन सगळ्या पुरुषांत असतंय, याची कातडी त्याचं जरा जास्त ऐकतीय, एवढंच."

मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "डॉक्टरसायेब, तुमचं शिक्षण मोठं. बोलायला तुमचं काय जातंय? पर खरं सांगा. तुमच्या लेकीला असला नवरा केला असताव का तुमी?"

वैजनाथ माझ्याकडं बघत होता. त्याच्या आईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. सासऱ्यांनी त्यांची लेक मला दिली, मला हेच आहे, आणि ती सुखात आहे. एवढं बोललो असतो तर सोयरीक तिथंच पक्की होत होती. आणि मी काय बोललो? म्हणालो, "हे बघा, वैद्यकीयदृष्ट्या लग्नाला काही हरकत नाही."

वैद्यकीयदृष्ट्या! आख्ख्या आयुष्यात घरी न बोललेला शब्द. मामाला जे समजायचं ते समजलं. त्यानं टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि उठता उठता म्हणाला, "कळलं. चल गं सुनीते."

सुनीता उठली नाही. ती माझ्याकडंच बघत होती. आल्यापासून ती माझ्याकडंच बघत होती हे मला तेव्हा कळलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्या भुवईत बी हाय की."

माझा हात आपोआप वर गेला. क्रीम सुकून तडकलं होतं, आणि बोटाला लागून एक पापुद्रा टेबलावरच्या काचेवर पडला. सगळ्यांनी तो बघितला. मी तळहातानं काच पुसली.

"व्हय," मी म्हणालो. "हाय. कॉलेजपासून हाय."

मामा खाली बसला. सुनीता त्याला म्हणाली, "बघ मामा. दवाखाना चालवायलेत, बायका-लेकरं हायत, काय वाईट झालंय ह्येंचं?" मग वैजनाथकडं मान वळवून म्हणाली, "आन् ह्येनी काय लपवलंय माझ्यापासून? साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी तोंडाचा फोटो पाठवला, म्हणले, असं असं हाय, नको वाटत आसंल तर आत्ताच सांग. दर आठवड्याला पाठवायलेत. औषधानं किती कमी झालं ते मला तुमा सगळ्यांच्या आधी म्हाईत हाय. लपवलं आसतं तर मीच नको म्हणले आसते."

मामानं टोपी परत काढून हातात फिरवली आणि म्हणाला, "मग मला कामून आणलंव हितं एवढ्या थंडीत?" वैजनाथची आई रडता रडता हसायला लागली. सोयरीक राहिली.

मी वैजनाथकडं बघितलं. मला वाटलं होतं, तो खूश असेल. तो माझ्याकडं असं बघत होता की मला खुर्चीतून उठून जावंसं वाटलं. रागानं बघत नव्हता तो. तो हळूच म्हणाला, "तुमी तर न्हाई म्हणलाव."

एवढंच. महारोगी म्हणून बाजारात बोट दाखवलं गेलेला माणूस आपल्या होणाऱ्या बायकोला तोंडाचा फोटो पाठवत होता, आणि त्याला लाजू नको म्हणून शिकवणारा मी शोभाच्या क्रीमखाली तोंड घेऊन बसलो होतो. घरी आल्यावर शोभाला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या पोराला किती एकटं वाटलं आसंल हो."

लग्नाला गेलो. फिका सदराच घालून गेलो, खोटं कशाला सांगू. हळदीला पाच सवाष्णींनी पायाला, गुडघ्याला, खांद्याला तेल चढवलं आणि डोक्याला नुसती हळद टेकवली. आईनं शब्द पाळला होता. वैजनाथनं मला वाकून नमस्कार केला. पण त्यानंतर तो माझ्याकडं आला नाही. आता औषधाला उदगीरला जातो असं कळलं. तिथला डॉक्टर चांगला आहे. मी त्याला ओळखतो.

क्रीम मी बंद केलं. म्हणजे दवाखान्यात बंद केलं. पेशंटनं विचारलं की मला हाय म्हणून सांगतो आणि भुवई दाखवतो. पुष्कळ जण त्यानं मोकळे होतात, खुर्ची जवळ ओढून घेतात. पण दवाखाना माझं घर आहे. तिथं धीट व्हायला काय लागतंय?

परवा श्रावणातल्या बाजारात मी भाजी घेत होतो. गर्दी भरपूर. ओळखीचे लोक चहूबाजूंनी नमस्कार करायलेले. तेवढ्यात समोरून सुनीता आणि वैजनाथ आले. तिला दिवस गेलेले दिसत होते. तिनं मला बघितलं आणि तिथूनच, आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, मायेनं विचारलं, "डॉक्टर, शाम्पू लावायलाव का न्हाई भुवयाला?"

माणसं वळून बघायला लागली. भाजीवाली माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि माझा हात, इतकं सगळं होऊनही, आपोआप कपाळावर गेला आणि भुवई झाकून तिथंच राहिला.

बोटांच्या फटीतून मला वैजनाथ दिसला. माझी लाज माझ्याआधी त्याच्या लक्षात आली होती. त्यानं बायकोचा दंड हळूच धरला, "चल, उशीर व्हायलाय" म्हणाला, आणि मला कुणी बघू नये म्हणून, लोकांच्या आणि माझ्या मधोमध, माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.